मदत हवी आहे : पहिली-दुसरीच्या मुलांना सुरात गायला कसे शिकवावे?

सर्वांना नमस्कार. मी नागपुरात महाल भागातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. यंदा पहिली-दुसरीचा संगीताचा तास माझ्याकडे आला असून, स्वतः गाणे शिकले असले तरी इतक्या लहान मुलांना शिकवण्याचा अनुभव मला नाही.

माझा षड्ज, म्हणजे सा, काळी चारचा (पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचा) आहे. त्याच पट्टीत मुलांना सरगम म्हणायला लावली तेव्हा खालचे स्वर त्यांना लागेनात आणि निम्मा वर्ग बोलल्यासारखा म्हणू लागला. म्हणून आता पेटीवर त्याहून उंच, पांढरी दोनचा (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरते आणि सा ते प एवढेच स्वर गाऊन घेते. फरक पडला, परंतु पाच-सहा मुले अजूनही एकाच स्वरावर राहतात. त्यांतली एक मुलगी परवा पेटीला कान लावून बसली होती आणि मी थांबल्यावर तिने नेमका तोच स्वर हळूच गुणगुणला. वर्गात मात्र ती ओठही हलवत नाही. अशा मुलांना ‘बेसूर’ ठरवून मागे बसवणे मला मुळीच मान्य नाही.

तालाची अडचण नाही. केरव्याच्या 8 मात्रा मुले खंजिरीबरोबर आनंदाने धरतात.

आपल्या विदर्भातली भुलाबाईची गाणी मोजक्या स्वरांत फिरतात, तर सुरुवात त्यांपासून करावी, की आधी अलंकार (ठरावीक क्रमाने स्वर म्हणण्याचे पाठ) पक्के करावेत? आणि 40 मुलांच्या वर्गात, 35 मिनिटांत, एकेका मुलाचा आवाज त्याला संकोच न वाटता कसा ऐकावा? या वयाच्या मुलांना प्रत्यक्ष शिकवलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.