दसऱ्याला कोल्हापूर: सोसायटीच्या शरद ऋतूतील सहलीबाबत ग्रुपवरील चर्चा

सचिव (अ-३०१): सर्व सभासदांना नमस्कार. पावसाळ्यानंतरच्या आपल्या सहलीसाठी यंदा बहुतेकांनी कोल्हापूरचे नाव सुचवले आहे. रत्नागिरीहून आंबा घाटमार्गे हे अंतर सुमारे १३० किलोमीटर असल्यामुळे एका मुक्कामात सहल होऊ शकते. या वर्षी अधिक ज्येष्ठ आल्याने सगळे सण पुढे गेले आहेत. घटस्थापना ११ ऑक्टोबरला, दसरा मंगळवारी २० ऑक्टोबरला आणि कोजागरी रविवारी २५ ऑक्टोबरला आहे. कोणत्या दिवशी निघावे आणि तिथे काय पाहावे, हे एकदा इथेच ठरले म्हणजे बसची आगाऊ नोंदणी करता येईल. ब-२०१ मधल्या वहिनींचे माहेर कोल्हापूरचे असल्यामुळे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वहिनी (ब-२०१): नमस्कार. कोल्हापूर वर्षभरात केव्हाही पाहता येते, परंतु ते शहर खऱ्या अर्थाने घराबाहेर पडलेले दिसते ते नवरात्रात. म्हणून आपण जायचे असेल तर सणाच्या दिवशीच जावे, असे मला मनापासून वाटते. अंबाबाईची रोज वेगळ्या रूपातली अलंकार पूजा बांधली जाते आणि आज देवीची पूजा कोणत्या रूपात आहे, हा प्रश्न त्या दिवसांत घरोघरी, दुकानात आणि रिक्षातही विचारला जातो.

या नऊ रात्रींतले दोन दिवस विशेष आहेत. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी गावाच्या पूर्वेला असलेल्या टेकडीवर त्र्यंबुलीच्या भेटीला जाते. तिला आम्ही टेंबलाई म्हणतो. युद्धात मदत करूनही विजयाच्या आनंदात आपला विसर पडला म्हणून त्र्यंबुली रुसून टेकडीवर जाऊन बसली, आणि तिची समजूत काढण्यासाठी थोरल्या देवीला स्वतः जावे लागले, अशी कथा आहे. तिथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडण्याचा विधी होतो आणि त्या कोहळ्याचा तुकडा मिळावा म्हणून माणसांची झुंबड उडते. लहानपणी मी तो सोहळा वडिलांच्या खांद्यावरून पाहिला आहे, पण लहान मुले आणि ज्येष्ठ बरोबर असताना त्या गर्दीत शिरावे, असे मी सुचवणार नाही. दुसरा दिवस अष्टमीचा. त्या दिवशी महिषासुरमर्दिनीच्या रूपातली पूजा असते आणि रात्री देवीचे वाहन नगरप्रदक्षिणेला निघते. मार्गावरच्या रांगोळ्या आणि दाराशी उभी असलेली माणसे पाहताना कोल्हापूरकर आपल्या देवीला घरातलेच माणूस मानतात, हे कोणालाही सांगावे लागत नाही.

क-१०४: वहिनी, आपण लिहिलेले वाचून आनंद झाला. माझी सूचना अशी की, एवढ्या लांब जाणारच आहोत तर दोन दिवसांत अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, रंकाळा, न्यू पॅलेस, कणेरी मठ आणि नरसोबाची वाडी असा पूर्ण कार्यक्रम आखावा, म्हणजे खर्चाचे चीज होईल. शिवाय नोव्हेंबरमध्ये किरणोत्सव असतो, असे ऐकले आहे. नवरात्रातली गर्दी टाळून तेव्हा गेलो तर चालेल का?

वहिनी (ब-२०१): आपला प्रश्न रास्त आहे. किरणोत्सव तिथीवर नव्हे, सूर्याच्या स्थितीवर अवलंबून असल्यामुळे त्याचे दिवस दर वर्षी ठरलेले असतात: ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात, पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत येतात आणि पुढच्या दोन दिवसांत वर चढत मुखापर्यंत पोहोचतात. मात्र ढग किंवा धूलिकण आड आले, तर किरण वाटेतच लुप्त होतात, आणि आसपासच्या बांधकामांचाही अडथळा होतो. यंदा तर ८ तारखेला लक्ष्मीपूजन, १० तारखेला पाडवा आणि ११ तारखेला भाऊबीज आहे, त्यामुळे आपल्यापैकी कोणीही त्या दिवसांत घर सोडू शकणार नाही.

सात ठिकाणांच्या कार्यक्रमाबाबत मात्र माझे मत स्पष्टपणे विरुद्ध आहे. सणाच्या दिवसांत कोल्हापुरातले निम्मे रस्ते वाहनांना बंद असतात. अशा वेळी ठिकाणांची यादी घेऊन निघालो, तर दिवसाचा मोठा भाग बसच्या खिडकीतून वाहतूक कोंडी पाहण्यात जाईल आणि शहर पाहायचे राहून जाईल. संध्याकाळ एका जागी, त्या गावातल्या माणसांबरोबर घालवण्याची तयारी असेल, तरच नवरात्रात जाण्याला अर्थ आहे. नरसोबाची वाडी आणि कणेरी मठ ही ठिकाणे वर्षभरात कधीही करता येतील.

आजी (अ-१०२): सर्वांना आशीर्वाद. सूनबाई लिहून देत आहे, मी सांगते आहे. आमच्याकडे घट बसतात आणि नऊ दिवस अखंड दिवा असतो. दिव्याला तेल घालायला घरात माणूस हवेच, त्यामुळे नवरात्रात कुलूप लावून जाणे आमच्या घरी होणार नाही. सोसायटीतल्या आणखी तीन-चार घरांची हीच अडचण आहे, पण त्या संकोचाने बोलणार नाहीत, म्हणून मी बोलते. तुम्ही सगळे पंचमीला किंवा अष्टमीला गेलात, तर आमची ना नाही. आम्ही रत्नदुर्गावर भगवतीच्या दर्शनाला जाऊ, तिथेही नवरात्राचा उत्सव मोठा असतो. परंतु अंबाबाईला जायची माझी फार दिवसांची इच्छा आहे, एवढे मात्र खरे.

ताई (ब-४०२): आजींचे म्हणणे अगदी योग्य आहे. त्याला जोडून आमचीही अडचण सांगते. आमची शेती पावसच्या बाजूला आहे आणि हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, भात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कापणीला येते. परतीच्या पावसाचा भरवसा नसल्यामुळे एकदा ऊन पडले की कापून, भारे बांधून ते घरी आणेपर्यंत कोणाला उसंत नसते. सण उशिरा असल्यामुळे दसऱ्यापर्यंत हळव्याची कामे आटोपतील आणि उशिरा पिकणाऱ्या गरव्याला अजून अवकाश असेल. त्यामुळे दसऱ्याच्या आसपासचे दोन दिवस आम्हाला सोयीचे होतील.

वहिनी (ब-२०१): आजी, आपल्याला मागे ठेवून आम्ही अंबाबाईला जाणे मला पटत नाही. आपल्याकडे घट नवमीला उठतात की दशमीला?

आजी (अ-१०२): दशमीला सकाळी. नैवेद्य दाखवून नऊ वाजेपर्यंत सगळे आटोपते. हवे तर आणखी लवकर उठून आठलाच करीन.

वहिनी (ब-२०१): मग मार्ग निघाला. आपण दसऱ्यालाच निघू. सकाळी घरोघरचे घट उठवून, वाहनांची आणि शस्त्रांची पूजा करून साडेनऊला बस सोडली, तर संध्याकाळचा सीमोल्लंघनाचा सोहळा आपल्याला निश्चित मिळेल, आणि माझ्या मते त्याच्या तोडीचा दसरा महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहिते. दुपार कलली की दसरा चौकात माणसे जमू लागतात. अंबाबाईची पालखी, भवानी मंडपातून तुळजाभवानीची पालखी आणि गुरुमहाराजांची पालखी अशा तीन पालख्या लवाजम्यासह चौकात येतात. छत्रपती घराण्यातील मंडळी संस्थानकालीन मेबॅक मोटारीतून येतात आणि ती मोटार पाहायला मुले तासभर आधीपासून जागा धरून बसतात. सूर्यास्ताच्या सुमारास शमीपूजन होते, आरती होते, बंदुकीच्या फैरी झडतात आणि त्या क्षणी हजारो माणसे आपट्याची पाने घ्यायला पुढे धावतात. सोने लुटणे म्हणजे काय, ते तिथे समजते. त्यानंतर अनोळखी माणसेसुद्धा एकमेकांना पाने देऊन पाया पडतात. मला त्या सोहळ्यातला हाच भाग सर्वांत प्रिय आहे, आणि आपल्या मुलांनी तो एकदा तरी अनुभवावा, असे वाटते.

एक काळजी घ्यायची आहे. पाने लुटण्याच्या वेळी मध्यभागी मोठी रेटारेटी होते. ज्येष्ठांनी आणि लहान मुलांनी चौकाच्या कडेला थांबावे, तरुणांनी पाने आणून सर्वांना द्यावीत. तसेच कोणीही इथून आपट्याच्या फांद्या तोडून नेऊ नयेत. सड्यावरची ती झाडे आधीच विरळ होत चालली आहेत आणि बाजारात पुष्कळदा आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने विकली जातात.

काका (ड-२०३): मी एसटीत चालक म्हणून हा रस्ता अनेक वर्षे चालवला आहे, म्हणून वेळेबद्दल लिहितो. हातखंबा, पाली, साखरपा, आंबा, मलकापूर असा मार्ग आहे. एरवी साडेतीन तास पुरतात, परंतु सणाचा दिवस, घाटातली वळणे आणि चौपदरीकरणाचे काम कुठे अपुरे असेल तर तिथला खोळंबा लक्षात घेऊन साडेचार तास धरावेत. साडेनऊ म्हणजे साडेनऊलाच निघावे लागेल. नाश्ता साखरप्याला उरकावा, कारण घाट चढण्यापूर्वी पोट फार भरलेले नसावे आणि अगदी रिकामेही नसावे. ज्यांना घाट लागतो, त्यांनी पुढच्या आसनांवर बसावे. पाऊस नुकताच ओसरलेला असल्यामुळे आंब्याला धुके मिळू शकते, तेव्हा चालकाला घाई करायला कोणीही सांगू नये. बस शहरात आत जाणार नाही. मुक्कामाच्या जागेपासून दसरा चौकापर्यंत चालावे लागेल किंवा रिक्षा करावी लागेल, म्हणून निवास निवडताना हे अंतर आधी विचारून घ्यावे.

सर (क-३०३): दसऱ्याचा बेत मला पूर्ण मान्य आहे. मुलांची बुधवारची शाळा बुडेल आणि सत्र परीक्षाही जवळ आलेली असेल, परंतु या दोन दिवसांत ती जे पाहतील, ते मोलाचे आहे. दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. मुस्लिम बोर्डिंगही त्याच परिसरात आहे. गावाकडून शिकायला येणाऱ्या मुलांची राहण्याची सोय व्हावी म्हणून महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आधार दिला आणि १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. सोहळा सुरू होईपर्यंत आपल्याला तिथे तास-दीड तास थांबावे लागेल. तो वेळ मोबाइलमध्ये घालवण्याऐवजी मी मुलांना हे जागेवर उभे राहून सांगीन.

बुधवारी सकाळी १८८४ मध्ये पूर्ण झालेला न्यू पॅलेस आणि त्यातले संग्रहालय पाहावे. परतीच्या वाटेवर वाघबिळाला पन्हाळ्याचा फाटा लागतोच. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आहे आणि आपल्या हर्णैचा सुवर्णदुर्गही आहे. तीन दरवाजा, अंधारबाव आणि अंबरखाना एवढेच नीट पाहिले तरी दोन तास जातील. शिवाय १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज ज्या मुलखातून विशाळगडाकडे गेले, त्याच मुलखातून आपण घरी परतणार आहोत.

ताई (ब-४०२): पन्हाळ्याच्या परिसरात गुऱ्हाळे असतात. पाऊस लांबला नाही आणि एखादे सुरू झाले असेल, तर अर्धा तास तिथेही थांबावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गणपतीत आपण उकडीच्या मोदकांना ज्याची चव असते तो कोल्हापुरी गूळ आणतो, पण उसाचा रस काहिलीत उकळताना, भेंडीच्या चिकाने त्याची मळी वर काढताना आणि गुळव्या नुसत्या नजरेने पाक तयार झाला की नाही ते ओळखताना आपल्या मुलांनी पाहिलेले नाही. काकवीही घेता येईल.

क-१०४: माझी सात ठिकाणांची यादी मी मागे घेतो. वहिनींचे आणि सरांचे नियोजन अधिक चांगले आहे. मंगळवारी रात्री रंकाळ्यावर जायला मिळावे, एवढीच इच्छा आहे. जेवणाबाबत विचारतो: दसऱ्याला काही घरी उपवास सुटलेले असतील, काहींकडे मांसाहार चालणार नाही. तांबडा-पांढरा रस्सा बुधवारी दुपारी ठेवला तर कोणाची हरकत आहे का?

वहिनी (ब-२०१): बुधवारी चालेल. मंगळवारी रात्री सर्वांनी शाकाहारी जेवण घ्यावे आणि बुधवारी दोन्ही प्रकारचे जेवण मिळेल असे ठिकाण निवडावे. दर्शनाबद्दल सांगायचे तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीही रांग मोठी असते. पहाटे लवकर गेलो तर बरे. आजींना आणि ज्यांना उभे राहणे झेपत नाही त्यांना मुखदर्शनाच्या रांगेतून नेता येईल. माझा भाऊ मंदिराजवळच राहतो, तो आजींना घेऊन जाईल. आपण त्यांची काळजी करू नये.

आजी (अ-१०२): तुझ्या भावाला आधी विचार, मग सांग. त्याच्याही घरी सण असेल.

वहिनी (ब-२०१): आजी, आताच फोनवर बोलले. आपण दर्शनानंतर त्याच्याकडे चहाला यावे, असे माझ्या भावजयीने आग्रहाने सांगितले आहे.

सचिव (अ-३०१): सर्वांचे आभार. ठरले ते असे. मंगळवारी २० ऑक्टोबरला सकाळी साडेनऊला प्रवेशद्वारापाशी बस निघेल. त्याच संध्याकाळी सीमोल्लंघन, रात्री रंकाळा आणि मुक्काम. बुधवारी पहाटे दर्शन, नंतर न्यू पॅलेस, दुपारचे जेवण, पन्हाळा, आणि शक्य झाल्यास गुऱ्हाळ पाहून रात्री दहापर्यंत परत. याखेरीज नवीन ठिकाण कोणीही आयत्या वेळी सुचवू नये. सणामुळे निवासाच्या खोल्या लवकर भरतात, म्हणून नावे आणि आगाऊ रक्कम या रविवारपर्यंत माझ्याकडे द्यावी. नाव देताना ज्येष्ठांची औषधे, घाट लागण्याचा त्रास आणि जेवणाचा प्रकार अवश्य कळवावा. जे सभासद येणार नाहीत, त्यांनी २५ तारखेच्या कोजागरीच्या तयारीची जबाबदारी घेतली, तर प्रवासाहून आलेल्यांवर ताण येणार नाही.

ड-१०१: आमचे येणे होणार नाही, घरी लहान बाळ आहे. कोजागरीच्या दुधाची आणि गच्चीवरच्या व्यवस्थेची जबाबदारी आम्ही घेतो. येताना आमच्यासाठी आपट्याची चार पाने आणि एक किलो गूळ आणावा, पैसे आजच सचिवांकडे देत आहे.