गेमबॉयला मोबाईल जोडून ऑनलाइन खेळायचे म्हणे, कुणाला नीट माहितीये का?

रातकिडा

नमस्कार मंडळी. ताई मागच्या महिन्यात जपानहून आली तेव्हा माझ्यासाठी पोकेमॉन क्रिस्टलची जुनी जपानी कार्ट्रिज घेऊन आली, खोकं वगैरे काही नाही, नुसती कार्ट्रिज. मला जपानी येत नाही पण हा गेम इंग्रजीत इतक्या वेळा खेळलोय की रस्ते पाठ आहेत, म्हणून लावली गेमबॉय अॅडव्हान्सला (निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं यंत्र) आणि सुरू केलं. गेममधल्या गोल्डनरॉड शहरापर्यंत सगळं ओळखीचं होतं पण तिथलं पोकेमॉन सेंटर वेगळंच निघालं! आत भलामोठा हॉल, जास्तीचे काउंटर, कसलंसं मशीन, आणि काउंटरवरच्या बाईशी बोललं की ती काहीतरी विचारते, हो म्हटलं की पुढे काहीच होत नाही. इंग्रजीत तर तिथे साधं नेहमीचं सेंटर आहे.

थोडं शोधलं तर कळलं की हे जपानमध्ये मोबाईल फोन जोडून ऑनलाइन खेळण्यासाठी होतं. २००१ मध्ये! त्या साली आमच्या घरी इंटरनेट सोडा, लँडलाइनचा नंबर लागून जेमतेम वर्ष झालं होतं. गेमबॉय कलर म्हणजे दोन सेलवर चालणारं ८ बिटचं यंत्र, ते नेटवर जायचं कसं? खरंच समोरासमोर खेळता यायचं की नुसती जाहिरात होती? आणि एवढं केलं होतं तर बाहेरच्या देशांत का नाही दिलं? ज्यांनी जुने हँडहेल्ड (असली हातात धरून खेळायची यंत्रं) वापरलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

एदोगावाकर

वा, किती दिवसांनी कुणीतरी हा विषय काढला! मी टोकियोत बरीच वर्षं आहे आणि इथल्या सेकंडहँड दुकानात जंक म्हणून ठेवलेल्या टोपलीत मला तो अॅडॉप्टर मिळाला होता, त्यामुळे हातात घेऊन बघितलेली गोष्ट सांगतो.

त्याचं नाव मोबाईल अॅडॉप्टर जीबी. २७ जानेवारी २००१ ला जपानमध्ये आला, किंमत ५८०० येन. सेवेचं नाव मोबाईल सिस्टिम जीबी, आणि ती चालवायला निन्टेन्डो आणि कोनामीने मिळून मोबाईल२१ नावाची कंपनी काढली होती. अॅडॉप्टर म्हणजे एक छोटी डबी, तिचं एक टोक गेमबॉयच्या लिंक केबलच्या पोर्टमध्ये आणि दुसरं टोक फोनच्या खालच्या डेटा पोर्टमध्ये. पण तेव्हा जपानात फोनचे तीन प्रकार होते त्यामुळे अॅडॉप्टरही तीन, पीडीसीवाल्या फोनला निळा, सीडीएमएला पिवळा आणि पीएचएसला लाल. म्हणजे घरच्यांनी फोन बदलून दुसऱ्या प्रकारचा घेतला की तुमचा अॅडॉप्टर कामातून गेला.

आता तुझा मुख्य प्रश्न, जायचं कसं. गेमबॉयला इंटरनेटचं काही कळत नाही, पण लिंक पोर्टमधून एकेक बाइट पाठवता आणि घेता येतो, तेवढं पुरतं. गेम अॅडॉप्टरला सांगायचा की हा नंबर फिरव, अॅडॉप्टर फोनकडून डायल करून घ्यायचा, अगदी आपल्याकडे डायलअप मोडेमने लागायचं तसंच, डिऑन नावाच्या इंटरनेट कंपनीतून. जोडणीचा सगळा किचकट भाग अॅडॉप्टर सांभाळायचा आणि गेमला फक्त "हे पाठव, ते आण" एवढंच करायला लागायचं. निळ्यावाल्याचा वेग ९६०० बिट प्रति सेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक किलोबाइट. सोबत मोबाईल ट्रेनर नावाची वेगळी कार्ट्रिज यायची, तिच्यातून नाव नोंदवायचं, सेटिंग करायचं, ईमेलसुद्धा पाठवता यायचा. गेमबॉयवरून ईमेल!

आणि तू जो हॉल बघितलास त्यात खरी कमाल आहे. तिथे एक ट्रेड कॉर्नर आहे. तुमच्याकडचा एक पोकेमॉन तिथे ठेवायचा, बदल्यात कुठला हवा ते सांगायचं, आणि फोन ठेवून द्यायचा. सर्व्हर आपला आपण जोडी लावणार, नंतर कधीतरी परत फोन जोडून जाऊन घेऊन यायचं. लाइव्ह काही नाही. समोरचा माणूस कोण, कुठल्या गावचा, जागा आहे का झोपलाय, काही फरक पडत नाही. ते मशीन बातम्या उतरवून घ्यायला होतं. बॅटल टॉवर म्हणजे गेममधल्या लढतींच्या इमारतीत पण दुसऱ्या खेळाडूंच्या टीम उतरवून आणायच्या आणि मग फोन बंद करून आरामात लढायचं. मला हे फार म्हणजे फार हुशारीचं वाटतं, कारण कॉलचे पैसे मिनिटावर लागणार, फोन बहुतेक वेळा आईचा किंवा बाबांचा, नेटवर्क ट्रेनमध्ये तुटणार, अशा वेळी ऑनलाइनचा अर्थ त्यांनी "एकाच वेळी खेळणं" असा न धरता पोस्टासारखा धरला. टपाल टाका, उत्तर येईल.

समोरासमोर पण व्हायचं तसं, एका गेमबॉयने थेट मित्राच्या फोनवर फोन करायचा आणि लढत खेळायची, पण त्याला गेममध्येच रोजची वेळमर्यादा होती. पोरांच्या हातून बिल फुगू नये याचीही काळजी घेतलेली दिसते.

जुना_खेळाडू

छान माहिती. एक भर घालतो, हँडहेल्डवरून नेटला जोडणं हे त्याही आधी अमेरिकेत झालंय. टायगर कंपनीचं गेम डॉट कॉम नावाचं यंत्र, १९९७, टचस्क्रीन होता त्याला, आणि वेगळा मोडेम लावून १४.४ च्या वेगाने फोनलाइनवरून वेब बघता यायचं, फक्त अक्षरं, चित्रं नाहीत. पण त्यात खेळणं असं काही नव्हतं, हायस्कोअर चढवायचा एवढंच. स्क्रीन पुसट, गेम हलले की सगळं धूसर. २००० पर्यंत बंद पडलं. जपानात बंदाईच्या वंडरस्वान नावाच्या हँडहेल्डलाही आयमोड (जपानची मोबाईल इंटरनेट सेवा) फोनशी जोडायची केबल निघाली होती २००० मध्ये, मोबाईल वंडरगेट. म्हणजे त्या दोनतीन वर्षांत सगळ्यांनाच एकदम वाटलं होतं की फोन आणि गेम आता जुळणार.

डेक्कनचा

रातकिडा भाऊ, भारतात ऑनलाइन हँडहेल्डची चव पहिल्यांदा घेतली ती एन-गेजवाल्यांनी, तेही लिहायला पाहिजे. नोकियाचा, ऑक्टोबर २००३, फोन आणि गेमिंग एकातच, त्यामुळे केबलबिबल काही भानगड नाही. माझ्या मावसभावाकडे होता, पुण्यात. गेम बदलायचा तर मागचं झाकण काढा, बॅटरी काढा, कार्ड बदला, परत सगळं बसवा, पुढच्या वर्षी क्यूडी मॉडेल आलं त्यात ते सुधारलं. एन-गेज अरेना म्हणून ऑनलाइन सेवा होती जीपीआरएसवर, म्हणजे फोनवरच्या तेव्हाच्या संथ इंटरनेटवर. आम्ही मुख्यतः ब्लूटूथवरच खेळायचो कारण जीपीआरएसला दर दहा केबीला पैसे कापले जायचे आणि प्रीपेडचा बॅलन्स बघता बघता संपायचा.

पण एक गोष्ट सांगतो, अरेनामध्ये पण जास्त चांगलं जे चालायचं ते टपालछापच होतं. तुमची रेस रेकॉर्ड होऊन वर जायची आणि दुसरा कुणीतरी त्या सावलीशी शर्यत लावायचा. मावसभाऊ एकदा फिनलंडच्या कुणाच्या सावलीशी रात्रभर खेळत बसला होता, शेवटी हरवलं त्याला, आणि त्या फिनलंडवाल्याला कधी कळलंही नसेल. २००४ मध्ये पॉकेट किंगडम आला, तो पूर्ण ऑनलाइन होता, जगभरातले लोक एकाच जगात. त्या काळात फोनवर हे म्हणजे फार धाडसाचं काम होतं आणि त्याचं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही असं मला मनापासून वाटतं.

एदोगावाकर

@डेक्कनचा सावलीवरून आठवलं, मारिओ कार्ट अॅडव्हान्स २००१ च्या जुलैमध्ये जपानात आला त्यातही मोबाईल अॅडॉप्टर लावून दुसऱ्यांचे घोस्ट, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या शर्यतींच्या तशाच सावल्या, उतरवता यायचे. सगळे जण वेगवेगळ्या वाटेने त्याच उत्तराशी येत होते.

पूर्वा_के

माझा अनुभव डीएसचा, म्हणजे निन्टेन्डोच्या नंतरच्या हँडहेल्डचा. २००७ ला मामा अमेरिकेहून डीएस लाइट घेऊन आला आणि सोबत मारिओ कार्ट डीएस. निन्टेन्डोची वायफाय कनेक्शन सेवा नोव्हेंबर २००५ मध्ये याच गेमबरोबर सुरू झाली होती, हँडहेल्डवर खरंखुरं लाइव्ह खेळणं, वर्गणी काही नाही, आणि चार जण एकाच रेसमध्ये. आमच्या घरी ब्रॉडबँड होता पण डेटा मोजून, फक्त रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद. तर मी सुट्टीत दोनचा गजर लावून उठायचे. पण पहिले दोन आठवडे जोडलंच जाईना! राउटरला घरी डब्ल्यूपीए पासवर्ड होता आणि डीएसला फक्त जुन्या पद्धतीचं वायफाय कुलूप, डब्ल्यूईपीच, समजतं हे कुणाला माहीत, दुकानात विचारलं तर म्हणाले यंत्र खराब आहे. शेवटी कुठल्यातरी साइटवर वाचलं आणि बाबांची समजूत काढून राउटरची सेटिंग बदलून तो डब्ल्यूईपीवर आणला, ते म्हणाले रात्रीपुरतं ठीक आहे, सकाळी परत करायचं, आणि मी रोज ते करायचे, न चुकता.

पण ज्या दिवशी लागलं ना! आपल्याकडे रात्रीचे दोन म्हणजे अमेरिकेत दुपार, मुलं शाळेतून घरी आलेली, "वर्ल्डवाइड" दाबलं की पटकन तिघं मिळायचे. नावं दिसायची फक्त, बोलता येत नव्हतं. तरी चार रेस संपेपर्यंत ओळख झाल्यासारखी वाटायची. मित्रांशी खेळायला १२ आकडी फ्रेंड कोड लागायचा, तो दोघांनी एकमेकांचा टाकायचा, प्रत्येक गेमचा वेगळा. सगळे त्याला नावं ठेवतात पण मी नाशिकमधली बारा वर्षांची मुलगी रात्री दोनला अनोळखी लोकांबरोबर खेळत होते आणि मला कधीही कुणाचा त्रास झाला नाही, याला तो कोडच कारण आहे असं मी म्हणेन. २० मे २०१४ ला सेवा बंद झाली तेव्हा मी नोकरीला लागलेले, शेवटच्या रात्री मुद्दाम उठून दोन रेस खेळले.

जुना_खेळाडू

पूर्वा, मला मात्र ही टपालवाली पद्धत म्हणजे ऑनलाइन खेळ वाटतच नाही, खरं खेळणं तुमच्या डीएसपासूनच सुरू झालं. सोनीच्या पीएसपी हँडहेल्डवाले तर गेममध्ये सोय नसली तरी पीसीवर एक्सलिंक काई नावाचं सॉफ्टवेअर चालवून, शेजारी बसून खेळायचे गेम दूरच्या माणसाशी खेळायचे, इतकी ती भूक होती. आणि लोकांनी मोबाईल अॅडॉप्टर घेतलाच नाही ना फारसा, म्हणून तर बंद झाला.

एदोगावाकर

@जुना_खेळाडू मला नाही पटत. बंद झाला हे खरं, डिसेंबर २००२ मध्ये, आणि त्याच्या महिनाभर आधी आलेल्या पोकेमॉनच्या पुढच्या रुबी-सफायर गेममध्ये त्याची सोयच ठेवली नव्हती. पण ट्रेड कॉर्नरची कल्पना मेली नाही. २००६ ला डीएसवरच्या डायमंड-पर्ल गेममध्ये जीटीएस नावाची देवाणघेवाणीची सोय आली ती म्हणजे अगदी तेच, ठेवा, हवं ते सांगा, नंतर घेऊन जा, फक्त जगभर आणि वायफायवर. आणि हार्टगोल्ड-सोलसिल्व्हर या नंतरच्या गेममध्ये ती कुठे ठेवलीय? गोल्डनरॉडमध्येच! मला ते बघून अक्षरशः भरून आलं होतं. खिशातलं यंत्र दिवसातून पाच-दहा मिनिटं उघडलं जातं, त्याला हीच पद्धत शोभते.

बाहेरच्या देशांत का नाही, तर तिथे फोनचे प्रकार, कंपन्या, पोर्ट सगळं वेगळं, प्रत्येक देशाला वेगळा अॅडॉप्टर काढायला लागला असता. म्हणून इंग्रजीत हॉल काढून टाकला आणि बॅटल टॉवरचे खेळाडू आधीच भरून दिले.

रातकिडा

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्वाताई, दोनच्या गजराचं वाचून अंगावर काटा आला. एदोगावाकर दादा, शेवटचं एक, जीएस बॉल ही खास वस्तू आणि तिच्यामुळे मिळणारा दुर्मिळ पोकेमॉन सेलेबी पण यातूनच द्यायचे ना? माझ्या कार्ट्रिजवर आता काही मार्ग आहे का?

एदोगावाकर

हो, यातूनच. लीग जिंकली की त्याच हॉलमध्ये जीएस बॉल मिळायचा, तो गेममधल्या कर्ट नावाच्या म्हाताऱ्याकडे न्यायचा आणि मग आयलेक्स जंगलातल्या देवळीत सेलेबी, लेव्हल ३०. २०१८ मध्ये निन्टेन्डोच्या थ्रीडीएस हँडहेल्डच्या ऑनलाइन दुकानात क्रिस्टल परत विकला तेव्हा निन्टेन्डोने तो आपोआप मिळेल असं केलं, पण ते दुकानही मार्च २०२३ पासून बंद आहे, आधी घेतलेलं असेल तरच.

दुसरा मार्ग म्हणजे रिऑन नावाचा हौशी लोकांचा प्रोजेक्ट. त्यांनी अॅडॉप्टर आणि गेम यांच्यातलं बोलणं उलगडून नवा सर्व्हर उभा केलाय, आणि अॅडॉप्टरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहिलंय, त्यामुळे जुना फोन शोधायची गरज नाही. तुझ्या त्या हॉलमधल्या काउंटरवर परत कुणीतरी उत्तर देतंय.

पण त्याआधी कार्ट्रिज उघडून आतली बॅटरी बघून घे, सीआर२०२५ असते, टाके मारून बसवलेली. घड्याळ आणि सेव्ह दोन्ही तिच्यावर चालतात आणि ती वीसेक वर्षं जुनी असणार. बदलताना सेव्ह जातो, म्हणून आत्ताच बदल, तिसऱ्या बॅजलाच आहेस तोवर.