मदत हवी आहे: ग्रंथपालांच्या पगाराबाबत
नमस्कार मंडळी. आमच्या गावचं वाचनालय १९६७च्या ग्रंथालय कायद्याखालचं, ‘क’ वर्गाचं (अनुदानासाठी ठरलेल्या अ ते ड वर्गांपैकी तिसरा). ग्रंथपाल ताई पुस्तकांची देवघेव, दाखल नोंदवही, वर्गणी, झाडलोट सगळं एकट्या बघतात. २०२२ साली शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तरी हप्ता येईपर्यंत त्यांचा पगार थकतोच. नेमणूकपत्र नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. पुस्तकांवर जीव आहे म्हणून टिकल्यात, पण म्हणून कुणी फुकट राबावं का?

थकलेल्या पगारासाठी अर्ज कुणाकडे करायचा, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे की कामगार कार्यालयात? अनुदान आलं नाही म्हणून संचालक मंडळ पगार अडवू शकतं का? कुणी असा अर्ज केला असेल तर मजकुराचा नमुना कृपया टाका. ताईंची नोकरी मात्र धोक्यात यायला नको.