शेपटी उचलून बघा, आणि नसबंदी लांबवू नका

ताई, मांजराचं पिल्लू दोन महिन्यांचं आणि घरात निम्मे म्हणतात बोका, निम्मे म्हणतात भाटी म्हणजे मादी, असं तुम्ही लिहिलंय. पोटभर खाऊन पेंगायला लागलं की उजेडात हलकेच शेपटी वर करा. बोक्याला दोन गोल ठिपके दिसतात, विसर्गासारखे, मध्ये चांगलं अंतर. पुढे तिथेच गोट्या हाताला लागतात. भाटीला वरच्या ठिपक्याखाली अगदी लागून उभी चीर. भावंडं असतील तर शेजारी धरून बघा, फरक पटकन कळतो. अंगावर काळा, पांढरा, नारिंगी असे तिन्ही रंग असतील तर जवळपास नक्की भाटीच.

नसबंदीची तारीख मात्र पाच महिन्यांच्या आत डॉक्टरांकडून घेऊन ठेवा. ‘एक वेत होऊ दे’ हे कृपा करून ऐकू नका, तिला त्याचा काहीच फायदा नाही. आमची मनी पाचव्या महिन्यातच माजावर आली, रात्रभर लोळत ओरडायची. दोन महिन्यांनी कपाटात, साड्यांच्या घडीवर तीन पिल्लं. एकच जगलं. तिचं स्वतःचंच अंग अजून भरायचं होतं हो. बोका निघाला तरी करून घ्याच, नाहीतर मारामाऱ्यांत कान फाडून घेतो आणि घरभर लघवीचे फवारे मारतो.