अलॉय व्हीलला घरीच सिरॅमिक कोटिंग, जमतं काय ओ?

टिळकवाडीकर: दर पंधरा दिवसाला चोर्ला घाटातनं गोव्याला जाणं होतंय, लाल माती आणि ब्रेकची काळी पूड रिमला अशी चिकटून बसलीय की शांपूनं निघतच नाही. म्हणून सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रिमला जपणारा पातळ कडक थर, लावायचं म्हणतोय. त्याआधी नेमकं काय करू?

खानापूररोड: चाक गार असतानाच आयर्न रिमूव्हर मारा, जांभळं पाणी गळायला लागलं की समजा लोखंडाचे कण सुटालेत. वाळू देऊ नका हां, लगेच धुवा. मग डांबराचे ठिपके काढून क्ले (चिकटलेली घाण ओढून घेणारा मऊ गोळा) फिरवा, शेवटी आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. हे नीट नाही झालं तर कोटिंग धरत नाही, मी घाईत आयपीए टाळलं आणि एका पावसात सगळं गेलं की ओ.

निपाणीवाला: चाक काढूनच करा, आतली बाजूच जास्त खराब असते. कोटिंग लावताना चाकाचे दोन दोन आरे (स्पोक) घ्या, चमक बदलली की पुसा, उशीर झाला तर डाग पडतात. नट बसतात तिथं काही लावू नका. लावल्यावर एक दिवस पाणी नको, आठवडाभर शांपू नको.

टिळकवाडीकर: म्हणजे जून लागायच्या आत उरकाय पाहिजे, नाहीतर आपल्या बेळगावचा पाऊस कुठला कोरडा दिवस देतोय!