विल्यम स्टेड : झुंजार संपादक की पोरीचा जीव टांगणीला लावणारा?

खवट_खोबरं (धागाकर्ता)
स्टेडचं नाव निघालं की लोक 'टायटॅनिक'वर बुडालेला संपादक एवढंच सांगतात. मला त्याचं 1885 साल खटकतं. इंग्लंडमध्ये तेव्हा मुलीचं संमतीवय 13 होतं. लंडनमध्ये कोवळ्या पोरी विकत मिळतात हे दाखवायला 'पॅल मॅल गॅझेट'च्या या संपादकानं एक पोर विकतच घेतली. एलायझा आर्मस्ट्राँग, वय 13, बाप धुराडी साफ करणारा. तिला सुईणीकडून तपासून घेतलं, कुंटणखान्यात नेलं, क्लोरोफॉर्म हुंगवलं. मग गिऱ्हाईक बनून महाशय स्वतः खोलीत शिरले. ती जागी होऊन किंचाळली, तसे बाहेर पडले. पुढे तिची रवानगी फ्रान्सला. तिला त्यानं हात लावला नाही, कबूल. पण हे सोंग आहे हे तिला कुणी सांगितलं होतं? ही कसली पत्रकारिता?

बोरीबंदर
साफ असहमत. वय वाढवायचं विधेयक ब्रिटिश संसदेत लॉर्ड्समध्ये मंजूर व्हायचं आणि कॉमन्समध्ये बासनात जायचं. समाजसुधारक जोसेफिन बटलरबाई यासाठी कित्येक वर्षं घसा कोरडा करत होत्या. स्टेडची मालिका 6 जुलैला सुरू झाली. वृत्तपत्रविक्रेत्या डब्ल्यू. एच. स्मिथ कंपनीनं आपल्या स्टॉलवर अंक ठेवायला नकार दिला, तर मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचे) लोक तो विकायला रस्त्यावर उतरले. 14 ऑगस्टला कायदा झाला, वय 16! सभ्य अग्रलेख लिहून हे झालं असतं?

खवट_खोबरं
नसतं झालं. पण किंमत कुणी मोजली? बापाची संमती घेतली नव्हती, म्हणून खटला उभा राहिला. आईनं कोर्टात सांगितलं, पोरीला घरकामाला पाठवतेय असं समजले होते. स्टेडला 3 महिने, तेही बहुतेक होलोवे तुरुंगात आरामात, तिथून संपादकी चालूच. सुईण लुईझ मूरे हिला 6 महिने सक्तमजुरी. ती तुरुंगातच मेली. आणि हा स्टेड दर 10 नोव्हेंबरला, शिक्षा झाली त्या तारखेला, कैद्याचा पोशाख चढवून मिरवायचा.

पार्ल्याची_मावशी
मिरवणं मलाही आवडलं नाही हो. पण आपल्याकडचं बघा. समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी मुंबईतून 1884 मध्ये बालविवाहावर टिपणं काढली, वाद पेटला, कायदा मात्र हलेना. कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी पोर नवऱ्यामुळे जिवानिशी गेली, 1890 मध्ये खटला गाजला, तेव्हा कुठे 1891 ला संमतीवय दहाचं बारा झालं. तिथेही टिळक विरोधात! स्टेडनं निदान मुलगी मरायची वाट पाहिली नाही.

कागद_कात्री
मावशी, मलबारींनी त्यासाठी पोर विकत घेतली नव्हती, एवढं लक्षात असू द्या. शिवाय स्टेडला सरकारला ढकलायची खोडच होती. जानेवारी 1884 मध्ये साउथॅम्प्टनला ब्रिटिश सेनानी जनरल गॉर्डनची मुलाखत घेतली, याच माणसाला सुदानला धाडा म्हणून रान उठवलं. गॉर्डन तिथे खार्टूमला वेढ्यात सापडून मारला गेला. आणि 1885 च्या त्याच कायद्यात लाबुशेअर या खासदारानं पुरुषांच्या परस्परसंबंधांवरचं कलम घुसडलं. लेखक ऑस्कर वाइल्डला 1895 मध्ये 2 वर्षं सक्तमजुरी झाली ती त्याच कलमाखाली.

बोरीबंदर
अहो, ते लाबुशेअरचं पाप. स्टेडच्या खात्यावर कशाला मांडता?

कागद_कात्री
मग 16 वर्षांचं पुण्य तरी एकट्या स्टेडच्या खात्यावर कसं जमा केलंत? बटलरबाईंचा हिस्सा काढा आधी.