घरात ‘धन्यवाद’ म्हटलं की हसतात. आभार मानायची रोजची सवय लावायची कशी?

शेवंता४१२:
रोज निदान एका माणसाचे आभार मानायचे असं ठरवलंय. पण चार दिवसांत विसर पडतो, आणि घरात ‘धन्यवाद’ म्हटलं की ‘सभेत आहेस का?’ असं ऐकावं लागतं. नेमकं काय म्हणायचं, कधी म्हणायचं?

पाटावरवंटा:
हसणारच. ‘धन्यवाद’ हा आपल्याकडे व्यासपीठावरचा शब्द. आईला म्हटला की तिला परकं केल्यासारखं होतं. २०१८ साली आठ भाषांतल्या रोजच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला (मराठी त्यात नव्हती). मागितलेली मदत मिळाल्यावर आभाराचे शब्द साधारण विसातून एकदाच आले. तेव्हा शब्द सोडा, केलेलं काम बोलून दाखवा. काय केलं, त्यात त्यांना काय त्रास पडला, आपलं काय सोपं झालं, एवढंच. ‘मावशी, काल पाहुण्यांची भांडी दुप्पट होती, तरी तुम्ही वेळेत आवरलंत. माझी ८:१२ची लोकल मिळाली.’ नुसतं ‘छान झालीय भाजी’ म्हणजे कौतुक झालं. ‘एवढ्या उकाड्यात वांगी भाजत बसलीस’ म्हटलंत की ते तिच्यापर्यंत पोचतं.

कोपरखळी:
मावशींना पगार देतोच की आपण. रोज आभार कसले?

पाटावरवंटा:
पगार ठरलेल्या भांड्यांचा. दुप्पट भांड्यांचे पैसे वेगळे द्या, आणि वर बोलाही. गोड बोलून पैसे वाचवायचे असतील तर गप्प बसलेलं बरं.

घडीघालू:
विसरण्याबद्दल. ‘आठवेल तेव्हा’ म्हटलं की आठवत नाही. रोज हमखास होणाऱ्या कामाला जोडा: रात्रीचं ताट उचलताना एक वाक्य, समोरच्यालाच. मोबाइलचा गजर नको. तो वाजतो तेव्हा समोर कुणी नसतं. लंडनच्या एका प्रसिद्ध अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस लागले (म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त), काहींना १८, काहींना त्याहून कितीतरी जास्त. एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडलं नाही. दोन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिंब करा, पुढे लागणार नाही.

बिघडतं ते इथे: आभाराला काम चिकटवणं. ‘थँक्यू हं, आणि उद्या जरा लवकर या’ म्हटलं की पहिला अर्धा भाग फुकट. मागणी संध्याकाळी वेगळी सांगा. ‘पण’ तर नकोच. ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकणं धरू नका. ज्याला म्हणायचं त्याला वैयक्तिक दोन ओळी लिहा.

शेवंता४१२:
वॉचमनकाकांना रोज तेच म्हटलं तर खोटं वाटेल ना?

घडीघालू:
वाटेल. त्यांना रोज फक्त ‘काय काका, झाला का चहा?’ पुरे. आभार ज्या दिवशी ते पार्सल सांभाळतील किंवा पावसात गेट उघडायला धावतील त्या दिवशी, आणि त्याच दिवशी.